दसऱ्याला सुरू होणारं वर्ष

आमच्या संस्थेत दोन वर्षं चालतात. एक १ एप्रिलला सुरू होतं, ते ऑडिटरचं. दुसरं दसऱ्याला, ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडायला लागल्या की, ते लेकरांचं. अनुदान, अहवाल, मानधन हे सगळं पहिल्या वर्षाच्या हिशेबानं चालतं; आणि पोरीचं लग्न ठरणं, पोराची शाळा सुटणं, घरात एकटी म्हातारी उरणं हे दुसऱ्याच्या. बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांतल्या मुलामुलींसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून माझा निम्मा वेळ या दोन वर्षांची सांधेजोड करण्यात जातो. उरलेला निम्मा सह्या करण्यात.

सह्यांचं आधी सांगते, कारण त्याची कल्पना मला कुणीच दिली नव्हती.

संस्था उभी केली सरांनी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर मदतीला गेलेल्या कॉलेजच्या पोरांपैकी काहीजणांना परत येऊन घरी बसवेना. मराठवाड्यातल्या बऱ्याच संस्थांचं मूळ असं त्या ढिगाऱ्यात आहे. मी आले फार नंतर, संध्याकाळच्या अभ्यासवर्गाची ताई म्हणून. माझे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जायचे, मी आजीपाशी राहून शिकले, त्यामुळे काम समजावून घ्यायला वेळ लागला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात सरांची अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी गाडीवरची फिरती बंद केली, आणि विश्वस्तांच्या बैठकीत सचिव म्हणून माझ्या नावाचा ठराव झाला. टाळ्या झाल्या, पेढे झाले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ठराव झाला म्हणजे झालं. तसं नसतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. सभेची नोटीस, ती पोचल्याच्या सह्या, इतिवृत्ताची नक्कल, जुन्याचा राजीनामा, नव्याचं संमतिपत्र, शपथपत्र, एवढं जोडायचं. आम्ही वकिलाकडे फाइल नेली तर त्यांनी परिशिष्ट एक, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीचा उतारा, काढून पहिलंच बोट एका नावावर ठेवलं. ते गृहस्थ वारून बरीच वर्षं झाली होती. कार्यालयाच्या दप्तरी मात्र ते अजून आमचे खजिनदार होते. म्हणजे आधी त्यांना कागदावर जाऊ द्यायचं, मग मला आत यायचं. त्यांच्या मुलाकडून मृत्यूचा दाखला आणायला मी परळीला गेले तेव्हा तो म्हणाला, ‘‘बाबांना कळलं असतं तर खूश झाले असते. पद कधी सोडवत नव्हतं त्यांना.’’

तारखा पडत राहिल्या. मंजुरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणल्याशिवाय बँक सही बदलेना. त्यामुळे पहिला सगळा हंगाम चेकवर सही सरांची आणि धावपळ माझी, असा कारभार चालला. मी चेकबुक डिकीत घालून त्यांच्या घरी जायची. सर डोळे मिटून सह्या करायचे, पण काकू शेजारी चष्मा लावून बसायच्या आणि प्रत्येक व्हाउचर वाचायच्या. ‘‘पालक मेळावा, पोहे, दोनशे चाळीस रुपये. माणसं किती होती?’’ मी आकडा सांगायची. काकू मनातल्या मनात भागाकार करून मान हलवायच्या, मग चहा यायचा. आमच्याकडे येऊन गेलेल्या कुठल्याही तपासणी पथकानं एवढं बारीक पाहिलेलं नाही.

हे सगळं चालू असताना नवरात्र बसलं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, पावसाळ्यातच कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. त्यातून आजारपण निघतं, बियाणं निघतं, मागच्या वर्षीची बाकी निघते. मग दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जाऊन ती टनानं फेडायची. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा पेपरात मोठ्या बातम्या आल्या. वाढ खरीच होती. पण ज्याची उचल फिटलेली नाही त्याच्या दृष्टीनं वाढ म्हणजे बाकी थोडी कमी. पाऊस पडला, बाई आजारी पडली, मूल तापलं, तरी त्या दिवसाचा खाडा धरला जातो.

आता या हिशेबात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी कुठं बसते ते पाहा. घरी ठेवायची तर सांभाळायला कोण? सोबत न्यायची तर राहायचं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. आणि लग्न करून दिलं तर जबाबदारी उतरते, वर जावयाच्या घरी एक पूर्ण कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं त्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं. बीडमध्ये ४३.७, परभणीत ४८. मुंबईत कुणापुढे सादरीकरण करताना हे आकडे दाखवले की खोलीत कुणीतरी ‘अज्ञान’ हा शब्द उच्चारतंच. मला तो शब्द ऐकला की राग येतो. मी पाहिलेल्या बापांपैकी बहुतेकांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता.

त्या नवरात्रात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावातून आमच्या कार्यकर्तीचा फोन आला. नववीतली मुलगी, तिचं लग्न चार दिवसांवर आहे, एका देवस्थानात उरकणार आहेत. आमच्या ऑफिसात अशा वेळी नेहमी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आधी घरी जाऊ, समजावू, पोलिसांचं नाव काढलं की गाव कायमचं तुटतं. दुसरा म्हणतो, १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावा. सरांच्या काळात समजावणीकडे कल असायचा. मी पद घेतल्यावर एवढं एकच फर्मान काढलं होतं: कळवायचं त्याच तासाला, आणि घरी जायचं ते त्यानंतर, तेही आम्हीच. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो. २००६ च्या कायद्यानं ती त्याची जबाबदारी आहे, आपण त्याच्यावर उपकार करत नसतो. शिवाय बाल न्याय कायद्यानुसार लग्नाच्या तोंडाशी असलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं, म्हणजे विषय बाल कल्याण समितीकडे जातो. कायद्याचा धाक आधी उभा राहिला की घरी गेल्यावर आपल्याला वकिली करावी लागत नाही, मोकळेपणानं बोलता येतं. हे माझं मत आहे. जुन्या लोकांना ते अजून पटलेलं नाही.

लग्न थांबलं. ग्रामसेवक आले, पोलीस पाटील आले, हमीपत्र झालं, मुलीला समितीपुढे नेलं, समितीनं तिला आजीच्या ताब्यात दिलं आणि पाठपुरावा आमच्याकडे सोपवला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, ‘बालविवाह रोखला’. अशा बातमीचं कात्रण अहवालाला जोडलं की देणगीदार खूश होतात. खरं काम त्या कात्रणानंतर सुरू होतं.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. बाप ओट्यावर बसला होता. समोर कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर त्यानं पेनानं आकडे मांडले होते. उचल एवढी, मागची बाकी एवढी, मंडपवाल्याचा बयाणा गेला, पोराकडच्यांचा आहेर परत करायचा. मी खाली टेकले तर तो कागद त्यानं माझ्याकडे सरकवला.

‘‘हे बगा अन् तुमीच सांगा आता. हिला ठिवू कुणापाशी? माय म्हातारी, तिला रातचं दिसत नाई. कोपीत न्यावं म्हनलं तर कोपीला दार नसतंय ताई.’’

आई चुलीपुढं होती. ती वळली नाही. ‘‘माझ्या टायमाला मला कुनी इचारलं का,’’ एवढंच म्हणाली, आणि ते कुणाला उद्देशून होतं मला कळलं नाही.

त्या कागदावर एक आकडा होता जो बापाचा नव्हताच. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मुलाकडच्यांनी लग्न धरून पूर्ण कोयत्याची उचल आधीच घेतलेली होती. मुलगा वीस वर्षांचा, त्याचंही कायद्यानं वय झालेलं नव्हतं. लग्न मोडलं म्हणजे त्यांचा कोयता अर्धा झाला आणि मुकादमाला निम्मी उचल परत करणं आलं. म्हणून ते लोक रात्री-अपरात्री येऊन बसत होते. हमीपत्र घेताना हे कुणी विचारलं नव्हतं, विचारायची पद्धतच नाही. हे सुटल्याशिवाय पोरगी दिवाळीपर्यंत त्या घरात टिकली नसती. दुसऱ्या कुठल्यातरी देवाच्या दारात नेऊन त्यांनी उरकलं असतं.

मग आमचे एक जुने कार्यकर्ते, जे स्वतः कधीकाळी मुकादम होते, ते त्या मुकादमाकडे जाऊन बसले. मुकादमाला शिव्या घालणं सोपं आहे, आणि शिव्या घालण्यासारखे मुकादम आहेतही. पण तोही वरून पैसे उचलून बसलेला असतो. टोळी भरली नाही तर त्याच्या घरावर लोक येतात. बोलणी लांबली. शेवटी त्याच टोळीत आणखी एक एकटा पोरगा होता, त्याची आणि या मुलाची जोडी लावून दोन अर्ध्यांचा एक कोयता झाला. उचल जागची हलली नाही. गावात कुणाचं नाक कापलं गेलं नाही. या तडजोडीसाठी कुठल्याच अहवालात रकाना नाही. मी तो प्रवासखर्च ‘समुदाय जागृती’त टाकला.

राहिला प्रश्न दाराचा. त्या गल्लीत आणखी चार-पाच मुली अशाच आजीपाशी मागं राहणार होत्या. दिवसा प्रत्येकीनं आपापल्या घरी खायचं-प्यायचं, आजीचं पाहायचं, आणि रात्री सगळ्यांनी एका घरी झोपायचं, जिथं पक्कं दार आहे आणि एक धडधाकट बाई आहे, अशी व्यवस्था तिथल्याच बायकांनी सुचवली. त्या बाई म्हणजे एक विधवा आजी, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्रं थांबावं. त्यांना आम्ही मानधन देतो आणि घरात धान्य भरतो. आईबापांची लेखी संमती घेतो, मुलींची यादी सरपंच, ग्रामसेवक आणि अंगणवाडीताईंकडे असते, आमची कार्यकर्ती आठवड्याला जाऊन रात्र काढते. रविवारी संध्याकाळी कारखान्यावरच्या आईबापांना फोन लावून द्यायचा हेही तिच्याचकडे. आता अशी घरं बऱ्याच गावांत आहेत. लोक त्यांना आजीघर म्हणतात.

शाळेचं तुलनेनं सोपं गेलं. नववी-दहावीची शाळा दुसऱ्या गावात असली तरी मुलींना एसटीचा पास फुकट आहे, काही मार्गांवर सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची बस आहे. अडलं ते रेशनवर. म्हातारीच्या बोटांच्या रेघा काम करून पुसलेल्या, मशीन अंगठा घेईना, आणि ज्यांचा अंगठा लागतो ते सांगलीकडे उसात. तिथून मग ज्वारीची कल्पना निघाली. सुगीच्या दिवसांत आम्ही बागायती गावांमधून फिरतो. कुणी पायली देतं, कुणी पोतं. ती मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात राहते आणि दसऱ्याआधी आजीघरांकडे आणि एकट्या म्हाताऱ्यांकडे जाते. देणाऱ्यांपैकी एका डॉक्टरांनी ८०जीची पावती मागितली. त्यांना सांगावं लागलं की धान्यावर करसवलत बसत नाही, आणि रोखीनं दोन हजारांच्या वर दिलेल्यावरही नाही. व्यापारी यावर मनमोकळं हसले. ते तशीही रोखच देतात आणि पावतीवर ‘एक हितचिंतक’ लिहा म्हणतात.

आता पैशाचं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आमचं बरंचसं काम आज या सीएसआरवर चालतं. प्रस्ताव एप्रिल-मेमध्ये जातो, प्रश्न जुलैत येतात, समितीची बैठक सप्टेंबरात होते, करार ऑक्टोबरात, पहिला हप्ता डिसेंबरात. आमचा हंगाम तोवर निम्म्याला आलेला असतो. सरकारच्या हंगामी वसतिगृहांचंही आमच्या भागात तसंच व्हायचं; मंजुरी यायची तेव्हा टोळ्या जाऊन महिना होत आलेला असायचा आणि मुलं आईबापांच्या मागं गेलेली असायची. मार्च उजाडला की मात्र फोन सुरू होतात. ‘‘ताई, थोडी रक्कम शिल्लक आहे, पंधरा दिवसांत खर्च दाखवता येईल का?’’ पंधरा दिवसांत दप्तरं वाटता येतात. म्हणून आमच्या जिल्ह्यात दप्तरं फार आहेत.

पहिल्या डिसेंबरात मानधनाला पैसे नव्हते. आमच्या कार्यकर्त्या बहुतेक याच घरांतल्या. महिन्याचं मानधन थकलं तर त्यांच्याकडेही उचल घ्यायची वेळ येते. मी ऑफिसच्या फळ्यावर बँकेतली शिल्लक लिहायला सुरुवात केली. कोणता पैसा कशासाठी आलाय, कुठला वापरता येत नाही, सगळं. सरांना ते आवडलं नाही. संस्थेची झाकली मूठ उघडू नये असं त्यांचं म्हणणं. पण त्यानंतर ‘ताईंकडे पैसे असतील’ ही कुजबुज थांबली. दोघीजणी सोडून गेल्या, एक अंगणवाडीत लागली, एक आशा झाली. मी दोघींच्या अर्जाला शिफारसपत्र दिलं. चांगल्याच झाल्या त्या, आता त्याच गावांत आमच्या कामाला येतात.

खोळंबा होत होता तो हप्त्यांचा, आणि त्यावर उपाय मला एका सीएसआर अधिकाऱ्यानंच दाखवला. कंपनीनं एखादं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून घेतलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत ते चालवता येतं आणि न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून वापरता येतो. म्हणजे करार एकदाच, आणि हप्त्याच्या तारखा आपण ठरवायच्या. आम्ही पहिला हप्ता ऑगस्टअखेर मागितला. समोरच्या बाईंनी विचारलं, ऑगस्टच का? मी टोळ्यांचं वेळापत्रक दाखवलं. त्यांनी ते करारालाच जोडलं. त्या एका कागदानं जेवढं काम केलं तेवढं आमच्या रंगीत वार्षिक अहवालानं कधी केलेलं नाही.

सगळेच असे नसतात. एका बैठकीत आजीचं मानधन कोणत्या शीर्षाखाली दाखवायचं यावर बराच वेळ गेला. मनुष्यबळ म्हणावं तर शिक्षण विचारतात, प्रशासकीय म्हणावं तर पाच टक्क्यांच्या वर जातं. या पाच टक्क्यांबद्दल एक सांगून ठेवते, कारण इतर संस्थांनाही त्याचा त्रास होतो. ती मर्यादा कंपनीनं स्वतःच्या सीएसआर विभागावर करायच्या खर्चाची आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबवण्याचा खर्च त्यात येत नाही. नियमांत तसं स्पष्ट आहे, तरी निम्म्या बैठकांत ती संस्थेच्या गळ्यात मारतात. मी नियमाची झेरॉक्स पर्समध्ये ठेवते आणि गरज पडली की काढते. आजी शेवटी ‘केअरगिव्हर’ झाल्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘काय बी म्हना, ज्वारी येळेवर धाडा.’’

मुलग्यांचं मात्र मला अजून जमलेलं नाही. पैसा मुलींसाठी मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. पण शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतचा; आठवी झाली की पोरगा कुणाच्याच यादीत राहत नाही. तो अर्धा कोयता म्हणून जातो, नाहीतर चाकण-रांजणगावकडे एखाद्या ठेकेदाराच्या हाताखाली. आमच्या एका गावात बापानं आत्महत्या केलेला सोळा वर्षांचा मुलगा आहे. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारकडून एक लाखाची मदत मिळते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव, पण आधी जिल्ह्याच्या समितीनं प्रकरण पात्र ठरवावं लागतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. याच्या बापाचं कर्ज होतं गावातल्याच माणसाकडून, तोंडी. प्रकरण अपात्र. आईचा संजय गांधी निराधारचा अर्ज आम्ही भरून घेतला, ते महिना दीड हजार सुरू झाले. धाकट्या बहिणीला बालसंगोपन योजनेचे महिना सव्वादोन हजार लागू झाले. थोरल्याला आम्ही १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवलं. बाहेरून परीक्षा द्यायची ही सोय बोर्डाची आहे, आमच्याकडे कितीतरी पोरं त्यावरच तरतात. अभ्यास तो रात्री ढाब्यावरून सुटल्यावर करायचा. गणित राहिलं. परत बसणार आहे. त्याच्यासारख्यांसाठी वेगळा प्रस्ताव मी तीन ठिकाणी पाठवला. ‘मुलींचा घटक किती?’ असा प्रश्न तिन्हीकडून आला.

आणि इमारत. सरांच्या मनात गेली कित्येक वर्षं एक वसतिगृह आहे. त्यांनी रस्त्याकडेची जागा हेरून ठेवली आहे, एक देणगीदारही तयार आहे, वडिलांच्या नावाची कोनशिला बसवायच्या अटीवर. मला ती इमारत नको आहे. सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, तालुक्याला मुलांचं एक आणि मुलींचं एक. ती नीट चालावीत म्हणून पाठपुरावा करणं आमचं काम आहे, त्यांच्या शेजारी तिसरं बांधणं नव्हे. इमारत उभी राहिली की दर वर्षी तिला रंग लागतो, पहारेकरी लागतो, स्वयंपाकघर लागतं, आणि काळजी-संरक्षणाची मुलं ठेवायची तर बाल न्याय कायद्याखाली नोंदणीही. मग संस्था इमारतीला पोसायला लागते आणि आजी, ज्वारी, मुकादमाकडे जाऊन बसणारा तो जुना कार्यकर्ता, हे सगळे ‘जमलं तर’ या यादीत जातात. शिवाय मुलगी वसतिगृहात गेली तरी म्हातारी घरी एकटीच राहते, आणि तिचं दुखलंखुपलं की पहिला निरोप त्या मुलीलाच जातो.

सरांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते हलकं नाही. ते म्हणतात, तू आहेस तोवर आजीघरं चालतील. माणसावर उभं केलेलं माणसाबरोबर जातं, भिंत राहते. विश्वस्तांपैकी तिघं त्यांच्या बाजूला आहेत, दोघं माझ्या, आणि पुण्याला मुलाकडे राहणाऱ्या भाऊंचा कल कळत नाही. विषय सप्टेंबरातल्या वार्षिक सभेपुढं आहे. मी माझं टिपण लेखी दिलंय, सोबत आजीघरांचा पाच वर्षांचा खर्च आणि वसतिगृहाचा पाच वर्षांचा खर्च शेजारी शेजारी मांडलाय. काकूंनी दोन्ही रकाने तपासून एक बेरीज दुरुस्त करून परत पाठवली आहे. सभा गणपती झाल्यावर लगेच घ्या असं मी कळवलंय, कारण नवरात्र बसल्यावर आमच्याकडे कुणाला वेळ नसतो.